बर्लिनमध्ये जर्मन येतं कोणाला?

"तू तिकडे जाऊन जर्मन शिकलीस ना? मग इकडे येणाऱ्यांना मराठी शिकायला काय होतं?"

आमच्या दादाने हा प्रश्न मला २०२५ या एका वर्षात किमान वीस वेळा तरी विचारलाय. एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला तेव्हा विचारला, २९ जूनला सरकारने माघार घेतली तेव्हा विचारला, मीरा रोडच्या दुकानदाराला थोबाडीत मारल्याचा व्हिडिओ फिरत होता तेव्हा विचारला, आणि ५ जुलैला वरळीत ठाकरे बंधू एका स्टेजवर आले तेव्हा तर रात्री फोनच केला. दादा डोंबिवलीत आणि मी एरलांगनला, न्यूर्नबर्गच्या शेजारी. त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी म्हणजे त्याचा हुकमाचा एक्का, "माझी सख्खी बहीण जर्मनीत आहे, तिला विचारा".

तर २०२५ चा ३ ऑक्टोबर शुक्रवारी आला. हा इथला राष्ट्रीय सण, १९९० साली याच तारखेला दोन्ही जर्मनी एक झाल्या. तीन दिवस सलग सुट्टी, पोरांनी बर्लिन बर्लिन करून डोकं खाल्लं होतंच, म्हटलं चला. आदल्या दिवशी दसरा झालेला. आपट्याची पानं इथे कुठली, पोरांनी मेपलची पिवळी पानं गोळा करून शेजारच्या आजीला सोनं दिलं, तिने ते फ्रिजवर चिकटवलं. सणाच्या दिवशी आणि रविवारी इथे दुकानं बंद, म्हणजे तीन दिवसांपैकी दोन दिवस साधं दूध आणायचं तरी मोठं स्टेशन गाठा, म्हणून तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा आणि क्वार्कचं, म्हणजे इथल्या चक्क्याचं, उरलेलं श्रीखंड बॅगेत घालून आम्ही निघालो. आईने बघितलं असतं तर म्हणाली असती, परदेशात जाऊन पण एसटीचाच प्रवास करा.

गाडीत मोबाईल उघडला तर फॅमिली ग्रुप शुभेच्छांनी भरलेला. विसरलेच होते, २०२४ च्या ३ ऑक्टोबरलाच केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला, त्याचं हे पहिलं वर्ष. अमृताते पैजा जिंके वगैरे. निम्मे मेसेज इंग्रजी अक्षरांत टाइप केलेले, दादाचा धरून.

संध्याकाळी बर्लिनच्या नॉयकोल्न भागात एका कॅफेत शिरलो, पाय मोडायला आले होते. लेक नऊ वर्षांची, तिला हल्ली आपली ऑर्डर आपण द्यायची असते. ती उभी राहून एकदम सभ्य जर्मनमध्ये म्हणाली, मला एक हॉट चॉकलेट आवडेल. समोरचा मुलगा, विशी-पंचविशीचा, टॅटू वगैरे, गोड हसून म्हणाला, सॉरी, इंग्लिश प्लीज? तिने परत जर्मनमध्येच सांगितलं, जरा मोठ्याने, आपण बहिऱ्या माणसाला सांगतो तसं. त्याने मान हलवली. मग ती माझ्याकडे वळली, "आई, हा जर्मनीत राहतो ना?"

नवरा म्हणाला, झालं, मुंबईला पोचलो.

मला राग आला. खरंच आला, आणि गंमत म्हणजे जर्मनसाठी आला, जी माझी कोणीच लागत नाही. चार वर्षं त्या भाषेचं लिंग-वचन-विभक्ती घोटलंय मी, चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी, हे सगळं कशासाठी? आणि एवढं मनात चालू असताना तोंडाने मी काय केलं, तर झटकन इंग्लिशमध्ये चार जणांची ऑर्डर देऊन टाकली. कटकट नको म्हणून. दादरला टॅक्सीत बसल्यावर 'भैया, शिवाजी पार्क' म्हणते तसंच.

हे फक्त मलाच खुपलं असं नाही. येन्स श्पान नावाचे इथले नेते, पुढे कोविडच्या काळात आरोग्यमंत्री होते ते, त्यांनी २०१७ मध्येच जाहीर तक्रार केली होती की बर्लिनच्या काही हॉटेलांत वेटर फक्त इंग्लिश बोलतात. यावरून तेव्हा बरीच तूतू-मैंमैं झाली. काहींना पटलं, काहींनी टर उडवली की याला देशात दुसरे प्रश्न दिसत नाहीत का. वाचताना आपल्याच पेपरमधली पत्रं वाचतोय असं वाटतं, नुसती नावं बदलायची.

शनिवार पोरांचा होता. सकाळी म्युझियममध्ये डायनॉसोर, तेरा मीटर उंच खरा सांगाडा, टांझानियातून उकरून आणलेला (परत द्यायचा का यावरही वाद आहे, तो परत कधीतरी). धाकट्याने त्याच्यासमोर बसून श्रीखंड खायचं म्हणून हट्ट केला, गार्डने बाहेर काढलं.

नाश्त्याचा किस्सा राहिला. हॉटेल प्रेन्झलाउअर बेर्गमध्ये होतं, खाली बेकरी. आमच्याकडे फ्रँकोनियात साध्या पावाला 'वेक्ला' म्हणतात, लेकीने सवयीने तेच मागितलं. काउंटरमागच्या बाईने तिला नीट वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, इथे याला 'श्रिप्पं' म्हणतात, पोरी. चिडून नाही, पण सांगितलंच. मला ती बाई भलतीच आवडली, सदाशिव पेठेत शोभली असती.

आणि या पावावरूनसुद्धा इथे खरोखर राष्ट्रीय पातळीवर भांडण झालेलं आहे बरं का. वोल्फगांग टीअर्झं हे तेव्हाचे संसदेचे उपाध्यक्ष, याच भागात राहणारे. २०१२ च्या डिसेंबरमध्ये मुलाखतीत म्हणाले की दक्षिणेकडून आलेले श्वाबी लोक इथे भरलेत, बेकरीत श्रिप्पंऐवजी 'वेकन' म्हणतात, यांनी आता बर्लिनमध्ये राहतो हे लक्षात घ्यावं. श्वाबी म्हणजे श्टुटगार्टकडचे, काटकसरी, पैसेवाले, इथल्या जुन्या इमारतींतले फ्लॅट घेणारे. म्हणजे भाषा निमित्त, खरं दुखणं वाढलेलं भाडं. त्यावर दक्षिणेकडचे पुढारी उसळले. आणि थोड्याच दिवसांत कोणीतरी कोलविट्झ चौकातल्या केटं कोलविट्झच्या पुतळ्यावर 'श्पेट्सलं' फेकले, म्हणजे श्वाबी लोकांचे मैदा-अंड्याचे नूडल्स. निषेध म्हणून! आम्ही तो पुतळा बघायला मुद्दाम गेलो. बिचारी कोलविट्झ, आयुष्यभर गरिबांची चित्रं काढली आणि वाट्याला आले नूडल्स. बरं, टीअर्झं स्वतः जन्मले ब्रेस्लाऊला, जे आता पोलंडमध्ये आहे, म्हणजे तेही बाहेरूनच आलेले. आमचे आजोबा संगमेश्वरहून गिरगावात आले, तिथून आम्ही डोंबिवलीला ढकलले गेलो, आणि दादा आता नवीन आलेल्यांना 'बाहेरचे' म्हणतो, तसंच ते.

त्या चौकात बाकावर पुऱ्या खात बसलेले असताना मला दादाच्या प्रश्नातली मेख कळली. तो माझी तुलना गोरखपूरहून मुंबईला आलेल्या माणसाशी करतो. ती मुळात चुकते. मी इथे परकी आहे, व्हिसावर आले, मला सरकार कागद मागू शकतं, आणि मागितलाच. माझं ब्लू कार्ड होतं, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांना मिळणारा परवाना, तेव्हाच्या नियमाने कायमच्या परवान्यासाठी ३३ महिने थांबायला लागायचं, जर्मनची बी-१ ही मधल्या पातळीची परीक्षा पास असेल तर २१. एक वर्ष वाचत होतं म्हणून मी क्लास लावला. दादाला वाटतं मी या भूमीचा आदर म्हणून शिकले! गोरखपूरच्या माणसाकडे मात्र माझ्या दादासारखाच भारतीय पासपोर्ट आहे, त्याला राहण्यासाठी असा कागद कोणी मागू शकत नाही, मागूही नये. मुंबईत तो बर्लिनमधल्या श्वाब्यासारखा आहे. हां, आता श्वाबी शेवटी जर्मनच बोलतो, पावाचं नाव बदलतं इतकंच, त्यामुळे हीपण तुलना लंगडीच. पण माझ्यापेक्षा बरी.

दुसरी गोष्ट मला रात्री क्रॉइत्सबेर्गमध्ये सुचली, डोनर कबाबच्या लाइनीत. दुकानवाले काका साठीचे, तुर्की. "मिट आलेस?" म्हणजे सगळं घालू का, व्याकरण चुकलेलं, पण आता अख्खा जर्मनी डोनरवाल्याशी असंच बोलतो. लेकीशी ते मस्त बर्लिनी ठसक्यात गप्पा मारत होते, दोन दिवसांत तिच्याशी इतकं जर्मन बोललेले हे पहिलेच. त्यांचे वडील पाहुणे कामगार म्हणून आले होते, १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून माणसं आणली त्यातले. वडिलांना मरेपर्यंत भाषा आली नाही, म्हणाले, कोणी शिकवलीच नाही, दोन वर्षांनी परत जाणार असंच सगळे धरून होते, ते स्वतःसुद्धा. बाहेरून आलेल्यांसाठी सरकारी इंटिग्रेशन कोर्स सुरू झाला २००५ मध्ये, म्हणजे करारानंतर ४४ वर्षांनी. आता ६०० तास भाषा शिकवतात. मधल्या काळात 'हे लोक आपली भाषा शिकत नाहीत' म्हणून बोटं मोडणं चालूच होतं.

त्यामुळे दादा, भाषा यायला हवी हे तुझं मला शंभर टक्के मान्य आहे. मी इथे डॉक्टरकडे, शाळेत पालकसभेत, भाषेशिवाय मुकी बसलेली आहे, त्यात मान नाही आणि मजा तर अजिबात नाही. मुंबईत दहा वर्षं राहून मराठी कळतच नाही म्हणणाऱ्याचा मलाही राग येतो, विशेषतः तो एसी ऑफिसात बसणारा असेल तर, त्याला वेळ असतो आणि पैसेही. पण दिवसाचे बारा तास गाडी चालवणाऱ्याने शिकायची कुठे? त्याच्या वेळेला, त्याला परवडेल असा, अंधेरीत, नालासोपाऱ्यात, गल्लीगल्लीत वर्ग आहे का? काही माणसं आपापल्या परीने शिकवतायत, त्यांच्यामागे किती जण उभे राहिले? थोबाडीत मारायला दोन मिनिटं लागतात, भाषेला ६०० तास. आणि तो शिकलाच, तर त्याच्याशी मराठीत बोलणार कोण? आम्ही तर कॅफेत पहिल्या सॉरीला इंग्लिशवर आलो.

हे सगळं रविवारी परतीच्या गाडीत दादाला व्हिडिओ कॉलवर ऐकवत होते. तिकडे रात्रीचे साडेआठ. तो ऐकत होता, मध्ये मध्ये "अगं पण" चालू होतं. तेवढ्यात त्याची बेल वाजली. मोबाईल हातात धरूनच तो दाराकडे गेला, मला छत आणि पंखा दिसत होता.

"हां भैया, कितना हुआ?"

"पैसे दिलेत ऑनलाईन, काका. ओटीपी सांगा फक्त."

दादा क्षणभर थांबला. मग म्हणाला, "टू नाइन डबल फोर."