बॉलला क्लब लागत नाही, तेच तर!

‘द गोल्फ स्पेशालिस्ट’ या विनोदी लघुपटावरच्या लेखाबद्दल तुमची तक्रार अशी : कॅमेरा जागचा हलत नाही, वीसेक मिनिटांत एकदाही बॉल धड मारला जात नाही, म्हणजे हे नुसतं चित्रित केलेलं नाटक, मूकपटात हाच विनोद जास्त रंगला असता.

नाटक आहेच. त्यातला अमेरिकन विनोदी नट डब्ल्यू. सी. फील्ड्स हा प्रवेश ‘झीगफेल्ड फॉलीज’ या नाचगाण्यांच्या कार्यक्रमात, १९१८ साली, रंगमंचावर करत असे. १९३० साली तोच त्याच्या पहिल्या बोलपटात, म्हणजे ‘द गोल्फ स्पेशालिस्ट’मध्ये, आला. हॉटेलच्या लॉबीतला सुरुवातीचा भाग रेंगाळतो, त्यावर वाद नाही.

पण ‘रंगला असता’ कशाला, फील्ड्सनं तो मूकपटात करूनही पाहिला होता, १९२६ च्या ‘सोज युअर ओल्ड मॅन’मध्ये. तिथे कॅडीच्या, म्हणजे खेळाडूचं सामान वाहणाऱ्याच्या, बुटांची करकर ऐकू येणार कुठून? बोलपटात फील्ड्स क्लब, म्हणजे गोल्फची काठी, उचलतो, नेमका तेव्हाच आवाज होतो आणि स्विंग मोडतो. आवाजाचं कारण कडेला घडतं आणि परिणाम फील्ड्सच्या खांद्यांवर दिसतो. त्यासाठी दोघंही एकाच चौकटीत हवेत. मध्येच बुटांचा क्लोजअप टाकला तर विनोद तिथेच मेला.

हा विनोद बोलपटातच रंगण्याचं दुसरं कारण वेगाचं. मूकपटात सेकंदाला १६ फ्रेम घेऊन २४ नं दाखवल्या की हालचाल दीडपट जलद होई. सुमार नटाचीही लगबग खपून जाई. संवाद सोबतच ध्वनिमुद्रित करायचे तर २४ चा वेग सोडता येत नाही, नाहीतर आवाज चिरका होतो. म्हणजे लय नटाच्या हातातच असावी लागते. फील्ड्स मूळचा जगलर. वाकलेला क्लब, हाताला चिकटणारा कागद, बुटाखाली आलेला पाय, म्हणजे खायचा पाय (इंग्रजीतला ‘pie’), हे सगळं तो खऱ्या वेगात सांभाळतो. एका हाताचा कागद सोडवताना तो दुसऱ्याला चिकटतो, ते बघाच. अशा वेळी कट मारणं म्हणजे हातचलाखीवर पडदा टाकणं.

बॉल मारलाच जायला हवा असेल तर १९३५ चा ‘थ्री लिटल बिअर्स’ बघा. तिथे थ्री स्टूजेस हे विनोदी त्रिकूट गोल्फचं मैदानच उखडतं : बॉल झाडात अडकला म्हणून कर्ली झाडच तोडतो, लॅरी हिरवळीतून मूळ ओढत सुटतो. मलाही आवडतो. पण त्यातली गंमत नासधुशीची. गोल्फऐवजी क्रिकेट असतं तरी फारसं बिघडलं नसतं. फील्ड्सचा विनोद मात्र बॉलसमोर उभं राहून शांतता मागणाऱ्या माणसाचा आहे. तो गोल्फबाहेर चालणार नाही, आणि बॉल उडाला की संपला.