ज्यांची पोरं शाळेत नाहीत

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चाललाय. हायस्कूलचे दोन वर्ग गळतात, पत्रे बदलायचेत, घरामागे हजार रुपये वर्गणी काढायची का? एकाने लिहिलं, "आमची पोरं कराडला इंग्लिश मीडियमला जातात, आम्ही का द्यायचे?" त्याखाली तीसेक अंगठे.

मला राहवलं नाही. इथे न्यू जर्सीत वर्षातून चार वेळा प्रॉपर्टी टॅक्स भरतो, त्यातला जवळपास निम्मा शाळांना जातो. शेजारच्या आजींना मूलबाळ नाही. त्या कुरकुरतात, पण भरतात आणि नोव्हेंबरात शाळांचा कारभार पाहणाऱ्या स्कूल बोर्डासाठी मतही देतात. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. शाळा चांगली असली की घराचा भाव चढतो, म्हणजे आजींचाही त्यात फायदाच, हे मात्र लिहिलं नाही.

खरं तर इतक्या लांबचा दाखला हवाच कशाला? अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार शासन देतं. इमारतीचं ओझं संस्थेवर आणि शेवटी गावावरच येतं. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली ती आमच्याच कराड तालुक्यातल्या काले गावात. पुढे वसतिगृहातल्या पोरांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा झालं. मूठ टाकणाऱ्या किती बायांची पोरं त्या वसतिगृहात होती? आणि यात्रेची वर्गणी ठरते तेव्हा कुणी म्हणतं का, की आम्ही पालखीला येत नाही, आम्ही का द्यायचे?

दहावीला माझ्याच बाकावर बसणाऱ्याचं उत्तर आलं, "तू शाळेत शेवटचा कधी गेलास?"

अकरा वर्षं झाली. तेव्हाही गेटबाहेरूनच फोटो काढला. शाळेला आजवर एक रुपया दिलेला नाही. इथल्या बोर्डाच्या मीटिंगला दोनदा गेलो. नाव-पत्ता सांगितला की बोलायला तीन मिनिटं मिळतात. दोन्ही वेळा गप्प बसून परतलो. आपली शाळा म्हटलं की मला अजून आठवी ब दिसते. पावसात आम्ही बाकं भिंतीकडे ओढायचो. पत्र्यावरचा आवाज फार वाढला की सर बोलणं सोडून फळ्यावर लिहायला लागायचे.

रात्री त्याला फोन केला, म्हटलं माझेही हजार धर.

"घरामागे ठरलंय रे," तो म्हणाला. "तुमच्या घराचे तात्यांनी कालच दिले. घर त्यांच्याच नावावर आहे ना आता."