‘३० सेकंदांच्या नियमा’बद्दल खुलासा

‘३० सेकंदांपेक्षा कमी गाणं शैक्षणिक व्हिडिओत वापरलं तर कॉपीराइट लागत नाही’ हा मेसेज संगीतशिक्षकांच्या ग्रुपांवर फिरतोय. मध्यंतरी मीही तो पुढे पाठवला होता. चूक माझी. नंतर कायदाच उघडून वाचला.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात परवानगीशिवाय वापराची सूट कधी मिळते, हे कलम ५२ सांगतं; त्यामध्ये सेकंदांचा आकडा कुठेच नाही. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यातल्या अशाच कलम १०७ मध्येही नाही; तिथे वापराचा हेतू, मूळ कृतीचं स्वरूप, घेतलेला भाग आणि बाजारावरचा परिणाम पाहतात. आणि मुखडा दहाच सेकंदांचा असला, तरी गाण्याचा जीव बहुतेकदा तिथेच असतो!

वर्गात गाणं वाजवायचंच नाही, असं मात्र मुळीच नाही. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतीला सूट आहे. संस्थेच्या उपक्रमात ध्वनिमुद्रण ऐकवायलाही आहे, पण श्रोते शिक्षक-कर्मचारी, विद्यार्थी, पालक आणि उपक्रमाशी संबंधित मंडळीच हवीत. तोच तुकडा यूट्यूबवर सगळ्यांसाठी टाकला की गोष्ट बदलते. समीक्षेसाठी घेतला असेल तर बचाव करता येतो, पण तो प्रत्येक प्रकरणात वेगळा तपासला जातो.

तेव्हा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.