६१ ठिपक्यांची मिरची

"काका, ही फुटणार."

सहकारी बँकेत ३२ वर्षं काढलेल्या माणसाला असलं काही ऐकवू नये. बँकेत चेक परत येतो, कर्ज थकतं, फार झालं तर बँकच बुडते, पण फुटत काही नाही. मी दचकून विचारलं, "काय फुटणार?"

"फोटो," प्रिंटिंगवाला मुलगा म्हणाला आणि त्यानं माझी मिरची स्क्रीनवर मोठी करून दाखवली. मोठी करताच तिच्या लाल-लाल फरश्या झाल्या. न्हाणीघरात बसवतात तसल्या.

मिरची आमच्या हिच्या बचत गटाची. गट कांदा-लसूण मसाला करतो. आजवर पिशवीत भरून वर हातानं लिहिलेली चिठ्ठी स्टेपल करून तो विकला जायचा आणि कुणाची काही तक्रार नव्हती. पण गटाला प्रदर्शनात स्टॉल मिळाला. स्टॉल आला की बॅनर आला आणि बॅनर आला की लेबल आलंच. शेजारच्या शाळकरी मुलीनं स्केचपेननं एक झकास मिरची काढून दिली, कुणीतरी तिचा मोबाईलवर फोटो काढला आणि तो गटाच्या तिघीजणींकडून फिरत फिरत माझ्याकडे आला. प्रत्येक घरी थोडी थोडी झिजत आली असावी.

"व्हेक्टर करून आणा. स्टिकर तीन इंची आहे आणि बॅनर सहा फुटी, दोन्ही त्याच फाईलवरून निघेल. नाहीतर आम्ही करतो, त्याचे ६०० वेगळे."

६०० रुपये ऐकल्यावर माझ्यातला निवृत्त माणूस जागा झाला. "आणतो की करून," मी म्हणालो. व्हेक्टर म्हणजे काय हे मला त्या क्षणी ठाऊक नव्हतं, पण ३२ वर्षांत न कळलेल्या परिपत्रकांवर मी याच आत्मविश्वासानं सह्या केल्या आहेत.

पुण्याचा पुतण्या कॉम्प्युटरमधला. त्यानं फोनवर माझ्या पातळीवर उतरून समजावलं. "काका, फोटो म्हणजे ताटात वाढलेली भाजी. ती ताणून चारशे माणसांना पुरत नाही. व्हेक्टर म्हणजे भाजीची कृती. या ठिकाणापासून त्या ठिकाणापर्यंत अशी वळणारी रेघ, आत लाल रंग, एवढंच फाईलमध्ये लिहिलेलं असतं. तीन इंच म्हणा की सहा फूट, कॉम्प्युटर दर वेळी ताजी करून वाढतो." मग त्यानं इंकस्केप नावाचं सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला सांगितलं. ते फुकट आहे हे कळल्यावर माझा त्याच्याविषयीचा आदर वाढला. प्रिंटिंगवाले सगळे कोरलड्रॉवर काम करतात, पण ते विकत घ्यायचं तर ६०० रुपयांचा हिशेबच बोंबलला असता.

पुतण्यानं पहिला गृहपाठ दिला तो शाकाहाराच्या चिन्हाचा. हिरव्या रेघेचा चौकोन, आत हिरवा भरीव गोल. बिस्किटाच्या पुड्यावर रोज पाहतो तोच. "कंट्रोल दाबून ओढा म्हणजे चौकोन चारी बाजूंनी सारखा येईल, गोलही गोलच राहील." मी कंट्रोल दाबून ओढलं. चौकोन आला, सारखा आला, पण अंतर्बाह्य हिरवा. त्यात गोल काढला, तोही हिरवा. हिरव्यात हिरवा. आमच्या भागात पावसाळ्यात डोंगर असे दिसतात, पण त्याला कोणी शाकाहाराचं चिन्ह म्हणत नाही.

इथं मला या विद्येचं पहिलं तत्त्व कळलं. इथं प्रत्येक आकाराचं पोट वेगळं आणि कातडी वेगळी. पोटातल्या रंगाला फिल म्हणतात आणि काठाच्या रेघेला स्ट्रोक. खालच्या रंगपट्टीवर नुसती टिचकी मारली तर पोट रंगतं, शिफ्ट दाबून मारली तर काठ. पोट रिकामं ठेवायचं असेल तर पट्टीच्या टोकाला फुली आहे, ती दाबायची.

मी फुली दाबली आणि चौकोन नाहीसा झाला. मला वाटलं पुसला गेला. दुसरा काढला. तो उमटलाच नाही. तिसरा, चौथा, पाचवा. शेवटी फोन केला. "काका, आऊटलाईन मोड लावा बरं." लावला, तर पानावर एकावर एक नऊ चौकोन बसलेले. पोटात रंग नाही, काठाला रेघ नाही, तरी सगळे हजर. मागच्या आकाराला जे रंगरूप दिलं तेच पुढच्याला आपोआप मिळतं, आणि मी पहिल्याला काहीच दिलं नव्हतं म्हणून पुढचे आठही उघडे जन्मले. मला आमच्या मुख्य शाखेतल्या काही अधिकाऱ्यांची आठवण झाली. हजेरीपत्रकावर असत, दिसत कधीच नसत.

चिन्ह झालं. गोल मी डोळ्यांच्या अंदाजानं मध्यभागी बसवला होता. पुतण्या म्हणाला, "अलाईन करा," आणि एका टिचकीत गोल कणभर डावीकडे सरकला. तो कणभर मला लागला. एक गोष्ट मात्र आवडली. गोल चौकोनाखाली गेला तर पेज-अप दाबून वर काढायचा, एकदम सगळ्यांच्या डोक्यावर बसवायचा तर होम. आमच्याकडे बढतीला एवढ्या सोप्या दोन कळा असत्या तर मी शाखाधिकारी होऊन निवृत्त झालो असतो.

मग मिरची.

मिरचीसाठी पेन घ्यायचा. या पेनाला बेझिए पेन म्हणतात. एक टिचकी मारली की ठिपका पडतो, दुसरी मारली की दोन ठिपक्यांत सरळ रेघ. मी स्केचपेनच्या मिरचीचा फोटो खाली ठेवला आणि तिच्या काठाकाठानं टिचक्या मारत निघालो. टिचकी, टिचकी, टिचकी. वळणावर जवळजवळ, सरळ भागात लांबलांब. पाऊण तासानं मिरचीला पूर्ण प्रदक्षिणा झाली, आणि आता थांबायचं कसं हे ठाऊक नव्हतं. मी माऊस नेईन तिकडे रेघ मागे. कोपऱ्यात नेला, कोपऱ्यात आली. मेनूकडे पळालो, तिथं आली. मासळी घेऊन घरी निघालेल्या माणसामागे मांजर लागतं तशी. घाबरून एस्केप दाबलं.

एस्केपचा अर्थ सुटका असा मी समजत होतो. सुटका झालीही. रेघ, ठिपके, मिरची, पाऊण तास, सगळ्यांची. (रेघ संपवायला एंटर दाबायचं, किंवा पहिल्या ठिपक्यावर परत टिचकी मारून आकार बंद करायचा. हे मी कंसात लिहितोय, पण त्या दुपारी हे कळायला मी एक अख्खी मिरची मोजली आहे.)

संध्याकाळी दुसरी मिरची पुरी झाली. ठिपके मोजले, ६१. लांबून मिरची दिसत होती, जवळून मात्र कुणीतरी कुऱ्हाडीनं तासल्यासारखी. ही चहा ठेवायला आली, बघितलं आणि "शेवगा काढलात?" एवढंच विचारून गेली.

रात्री सहज म्हणून ती फाईल नोटपॅडमध्ये उघडली. एसव्हीजी, म्हणजे इंकस्केपची ही व्हेक्टर फाईल, आतून साधा मजकूर असते असं पुतण्या म्हणाला होता. उघडली आणि पहिल्यांदा माझ्या माहितीच्या प्रदेशात आलो. आकडे! रांगेनं आकडे, स्वल्पविराम, दशांश. लेजरच. त्यात मध्येच सोडीपोडी असा शब्द. मला वाटलं हाही मसाल्याचाच प्रकार, कर्नाटकाकडचा. तर ते इंकस्केपच्या पूर्वजाचं नाव निघालं. २००३ साली इंकस्केप त्या सोडीपोडीतून वेगळं झालं, पण सातबाऱ्यावर आजोबांचं नाव राहावं तसं ते फाईलमध्ये अजून आहे. आणि त्याच ओळीत पुढे 'सीसीसीसीसी' अशी अखंड माळ. बँकेत सीसी म्हणजे कॅश क्रेडिट. माझ्या मिरचीवर कॅश क्रेडिटची एवढी खाती बघून मला भरून आलं.

"काका, ते कस्प," पुतण्यानं मोडता घातला. "सी म्हणजे कोपरा असलेला ठिपका. एस म्हणजे गुळगुळीत. तुमच्या सगळ्या ठिपक्यांना कोपरे आहेत. मिरचीला कोपरे किती असतात?"

मी विचार करून सांगितलं, "दोन. देठाकडचा आणि टोकाचा."

"मग ठिपके दोनच पाहिजेत."

हा माझा अपमान आहे असं मला वाटलं. ६१ ठिपक्यांनी जमली नाही ती दोन ठिपक्यांनी कशी जमणार? पुतण्यानं हँडल नावाची चीज सांगितली. टिचकी मारून बोट लगेच उचलायचं नाही, दाबून धरून ओढायचं. ठिपक्यातून एक दांडी निघते. दांडी ज्या दिशेला ओढाल त्या दिशेनं रेघ निघते, आणि दांडी जितकी लांब तितका वेळ ती दिशा धरून ठेवते, मग हळूच पुढच्या ठिपक्याकडे वळते. कॅरमवर स्ट्रायकर कुठं मारायचा हे ठरवावं तसं. जाताना तो कसा वळेल ते त्याचं त्यानं बघायचं.

ही दांडी मुळात मिरचीसाठी नव्हतीच म्हणे, मोटारीसाठी होती. मोटारीच्या पत्र्याची वळणं यंत्राला आकड्यांत कशी सांगायची हा प्रश्न १९५९ साली फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तलजो यांनी सोडवला. कंपनीनं ते गुपित ठेवलं. तिकडे रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी १९६०च्या दशकात स्वतंत्रपणे तेच काम केलं आणि जगासमोर मांडलं, म्हणून वक्ररेषेला नाव लागलं बेझिएचं. आधी काम करणारा पडद्याआड आणि नाव सहीवाल्याचं, हा प्रकार फक्त आमच्याच बँकेत चालतो असा माझा समज होता.

दोन ठिपक्यांना बसण्याआधी एक आडवाट मारून पाहिली. कंट्रोल-एल दाबलं की इंकस्केप ठिपके आपणहून कमी करतं. एकदा दाबलं, मिरची जरा सुधारली. हात सुखावला. पुन्हा दाबलं, पुन्हा. भराभर दाबत गेलं की ते जास्तच जोर लावून साफसफाई करतं हे मला माहीत नव्हतं. शेवगा, मिरची, भेंडी असं करत शेवटी काजू झाला. काजू फार सुरेख होता. कधी काजूकतलीचं लेबल करायची वेळ आली तर असू द्या म्हणून मी तो सेव्ह केला. तो कुठल्या फाईलवर सेव्ह केला याकडे लक्ष नव्हतं, ते पुढे येईलच.

दोन ठिपक्यांची मिरची रात्री साडेअकराला जमली. देठाकडे एक ठिपका, टोकाला एक. वरच्या रेघेची दांडी लांब, खालच्या रेघेची त्याहून जरा आखूड, दोन्ही एकाच अंगाला झुकलेल्या. दोन रेघा, मधे तांबडा रंग. गुळगुळीत, तकतकीत, टोकाशी किंचित वळलेली. चार हजार टक्के मोठी करून पाहिली, कुठेही फरशी नाही. मी तिला कितीतरी वेळ नुसती मोठी-लहान करत बसलो. हिरवा देठ काढला. मग वर मजकूर टाइप केला, सुंदर जाड फॉन्ट लावला.

मजकुराबाबत प्रिंटिंगवाल्यानं आधीच बजावलं होतं, "काका, फॉन्ट कर्व्ह करून आणा, नाहीतर आमच्याकडे अक्षरं मोडतील." त्यांच्याकडे जुने फॉन्ट, माझ्याकडे युनिकोड. जोडाक्षरांचे हातपाय सुटे होऊन वेलांट्या भलत्याच अक्षराच्या डोक्यावर बसतात. म्हणून ऑब्जेक्ट टू पाथ करायचं. मग अक्षर हे अक्षर राहत नाही, मिरचीसारखाच एक आकार होतं आणि कुठल्याही कॉम्प्युटरवर तसंच्या तसं दिसतं. केलं. सेव्ह केलं, बंद केलं, शांत झोपलो.

सकाळी चष्मा पुसून बघतो तर 'कांदा-लसून मसाला'. लसून! 'ण'च्या जागी 'न', आणि तो न आता अक्षर नव्हता. तो ठिपक्यांचा, दांड्यांचा, सहा फुटी झाला तरी न फुटणारा, कायमचा न होता. फाईल बंद केली की केलेलं मागे घेणाऱ्या कंट्रोल-झेडला आदल्या रात्रीचं काही आठवत नाही. सगळी ओळ पुसून पुन्हा टाइप केली, पाच वेळा वाचली, आणि मग आकार केला.

फाईल घेऊन निघण्यापूर्वी हिला दाखवली. गटाच्या आणखी दोघीजणी आल्या होत्या. तिघी वाकून स्क्रीनकडे बघत राहिल्या. मी मागे हात बांधून उभा.

"छान झाली," एक वहिनी म्हणाल्या. "संकेश्वरी आहे ना?"

"संकेश्वरीच. लांब आणि कशी गुळगुळीत," दुसऱ्या म्हणाल्या.

मी मान डोलावली. मी मिरची काढली होती, तिचं गाव काढलं नव्हतं.

"अहो, पण नुसती संकेश्वरी कशी चालेल?" ही म्हणाली. "तिखटपणा संकेश्वरीचा, पण रंग ब्याडगीचा आहे आपल्या मसाल्याला. शेजारी ब्याडगी पाहिजे की एक. ब्याडगी कशी, अंगभर सुरकुतलेली." आणि मग तिला आठवलं. "ती तुमची आधीची कुठंय? परवाची, तासल्यासारखी? मी उगाच शेवगा म्हटलं. तीच ब्याडगी होती. अगदी हुबेहूब."

मी फाईल उघडली. तिघी वाकल्या.

"हा काजू कशाला काढलाय?" वहिनींनी विचारलं.

स्टॉल परवावर आलाय. मी पेन घेतलाय, फोटो खाली ठेवलाय, आणि सुरकुत्यांच्या काठाकाठानं टिचक्या मारत चाललोय. हा लेख लिहायला मध्ये उठलो तेव्हा ३७ ठिपके झाले होते. एस्केपच्या कळीवर चिकटपट्टी लावली आहे.