माझी पाळी गेली

काल रांगेत उभी होते. कसली रांग ते जाऊ द्या. पुढे आठ जण, मागे एक आजोबा. आणि आली वाफ! छातीतून निघते, मानेवर चढते, कानशिलं तापतात आणि तीनेक मिनिटांत कपडे पिळावेत इतका घाम. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन डळमळलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र भलतंच हळवं होतं. अंग जरा कोमट झालं की त्याला वणवा लागल्यासारखं वाटतं, आणि ते घामाचे बंब सोडतं.

आजोबांनी माझं मनगट धरलं. अंगठ्याने नाडी दाबून, घड्याळात बघत मोजायला लागले. अंगठ्याला स्वतःचीच नाडी असते. म्हणजे ते निवांत स्वतःचीच मोजत होते.

"डावा हात दुखतो?"

दुखतो. सहा महिने खांदा आखडलाय. या वयात बायकांचे आखडतात. खरं बोलायची खोड, "हो" म्हणाले.

"ॲटॅक!" अख्खी रांग वळली.

"अहो, तसलं काही नाही," मी कुजबुजले. "पाळी जातेय माझी."

"काय जातंय?"

"पाळी!"

"जाऊ द्या हो! जीव महत्त्वाचा की पाळी? मी धरतो तुमची जागा!" मग रांगेला, खणखणीत आवाजात, "बाईंना पाळीची पडलीय!"

पुढचा तरुण मोबाइलमध्ये शिरला. माझ्याच वयाची एक बाई फॉर्मने स्वतःला वारा घालत होती. तिने हसू कसंबसं गिळलं.

मला खुर्चीत बसवलं, पाणी पाजलं. चिडणार तरी कशी? पाळी गेल्यावर हृदयविकाराचा धोका खरंच वाढतो. शिवाय डॉक्टरांनी जे विचारलं नाही, ते या माणसाने विचारलं. डॉक्टर म्हणाले होते, "वय झालं, चालायचंच." दोन मिनिटांत बाहेर! हार्मोनच्या गोळ्या असतात, बिनहार्मोनच्याही असतात, कुणाला चालतात, कुणाला नाही, एवढं सांगायला काय जात होतं? एकच नियम तेवढा ऐकवला: सलग 12 महिने आली नाही, तरच गेली म्हणायचं. माझे अकरा भरले होते. गेल्या सोमवारी आली. पुन्हा एकपासून मोजा.

घाम वाळल्यावर उठले. आजोबा खिडकीशी पोचून आपलं काम उरकत होते. माझी जागा? साफ विसरले होते.

"बाई, मागून या," कुणीतरी म्हणालं.

गेले मागे. आता पुढे चौदा जण होते.