‘अमेरिकाच जिंकणार, मग पाहायचे कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मुलींच्या १९ वर्षांखालील जागतिक बास्केटबॉल स्पर्धेवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभार. ही स्पर्धा म्हणजे अमेरिकेची मक्तेदारी आहे, ती पहिल्यापासून दर दोन वर्षांनी होते हे माझे विधान चुकीचे आहे, आणि पेठांच्या फुटबॉलसाठी शाहू स्टेडियम भरून टाकणाऱ्या कोल्हापूरकराला तिच्याशी काय देणेघेणे, असे आपले तीन आक्षेप आहेत.

मधली चूक निर्विवाद माझी. १९८५ मध्ये कोलोराडो स्प्रिंग्ज येथे सुरू झालेली ही स्पर्धा २००५ पर्यंत दर चार वर्षांनी भरत असे. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

मक्तेदारीचा आक्षेप मात्र मला अर्धाच मान्य आहे. २००५ ते २०१५ अशी सलग सहा विजेतेपदे अमेरिकेने मिळवली, आणि गटातल्या दुबळ्या संघाशी त्यांची गाठ पडली की पहिल्या क्वार्टरनंतर पाहण्यासारखे फारसे उरत नाही, हे खरेच. पण पहिली दोन विजेतेपदे सोव्हिएत संघाची होती, १९९३ चे ऑस्ट्रेलियाचे. २०१७ मध्ये उदिने येथे रशियाने अंतिम सामन्यात अमेरिकेला ८६-८२ असे हरवले. २०१९ मध्ये बँकॉकला ऑस्ट्रेलियाने त्यांना जादा वेळेत खेचले आणि अमेरिका ७४-७० अशी कशीबशी जिंकली. २०२३ मध्ये माद्रिदला स्पेन अमेरिकेकडून ६९-६६ असा, म्हणजे एका थ्री-पॉइंटरच्या (लांबून टाकलेल्या, तीन गुणांच्या बास्केटच्या) फरकाने हरला. याला एकतर्फी म्हणायचे, तर टायब्रेकरवर गेलेली पाटाकडील-दिलबहार या कोल्हापूरच्या फुटबॉल संघांची लढतही एकतर्फीच म्हणावी लागेल!

राहिला कोल्हापूरचा प्रश्न. सप्टेंबर २०२२ मध्ये बेंगळुरूत झालेल्या १८ वर्षांखालील आशियाई स्पर्धेतून पहिले चार संघ माद्रिदला गेले. यजमान असूनही भारत त्यांत नव्हता. आपल्या मुली उंचीत कमी पडतात, असे आपण लिहिले आहे. त्या चौघांत जपान होता, आणि जपानी मुलींना कोणी ताडमाड म्हणणार नाही.

माझी पुतणी जिथे सराव करते, तिथे सिमेंटचे कोर्ट, जाळी फाटलेली रिंग आणि सात नंबरचा, म्हणजे पुरुषांचा बॉल होता. मुलींचा अधिकृत बॉल सहा नंबरचा. त्याचा घेर सुमारे अडीच सेंटिमीटरने कमी आणि वजनही हलके. बोटभर फरक, पण त्यापायी ती बॉल छातीपासून दोन्ही हातांनी ढकलायची आणि समोरची मुलगी तो आरामात अडवायची. विचारले, तर ‘मुलांसाठी घेतलाय, त्यातच भागवा’ असे उत्तर मिळाले. अखेर पालकांनी वर्गणी काढून सहा नंबरचे दोन बॉल आणले, आणि दोन महिन्यांत तिचा शॉट डोक्यावरून, एका हाताने सुटू लागला. तिची उंची तेवढीच आहे.

एखाद्या दिवशी सकाळी सहाला कोर्टवर या. जुना बॉल अजून तिथेच असतो. दोन्ही हाताळून पाहा.