हॅन्डपेंटेड म्हणजे हातानेच रंगवलेलं!!

आज डोकं फिरलंय नुसतं. पुण्याहून सासूबाई आल्यात, त्यांना घेऊन इथे नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गुरुवारच्या बाजारात गेले होते. हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव हे. मार्क्टवरच्या, म्हणजे मुख्य चौकातल्या, एका दुकानात त्यांनी ओस्टपोर्टची, म्हणजे इथल्या जुन्या वेशीची, निळी प्लेट घेतली, 'हॅन्डपेंटेड' अशी पाटी लावलेली. पैसे दिल्यावर जवळून बघते तर सगळे बारीक बारीक ठिपके, चक्क छापील! विचारलं तर म्हणे चित्राचं स्टिकर आम्ही हातानेच लावतो. काय बोलायचं?

मी इथल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये एका बाईंना आउडे केर्क, म्हणजे इथलं जुनं चर्च, भांड्यावर रंगवताना बघितलंय हो. त्या चर्चचा मनोरा जवळजवळ दोन मीटर कललाय, तो कल त्यांनी ब्रशच्या एका ओढीत काढला. भाजलेल्या कोऱ्या मातीवर रंग लगेच मुरतो, खोडायची सोयच नाही, आणि कोबाल्टचा रंग लावताना काळा दिसतो, निळा होतो तो भट्टीतून निघाल्यावर, म्हणजे कुठे गडद कुठे फिकं हे सगळं त्यांच्या डोक्यात आणि रंगात किती पाणी घालायचं त्या अंदाजात.

मान्य, हाताने रंगवणारेही टोचलेल्या कागदावरून कोळशाची पूड मारून आऊटलाइन घेतात. आणि सगळ्यांना महागाचं परवडत नाही, छापील घ्या ना खुशाल. पण मग छापील म्हणून विका! सेमी पैठणी येवल्याची हातमागाची म्हणून कोणी गळ्यात मारली तर आपण ऐकून घेतो का?

सतराव्या शतकात या गावात अशा भांड्यांचे तीसेक कारखाने होते. एकोणिसाव्या शतकात १६५३ मध्ये सुरू झालेला एकच उरला, तिथेही हाताने रंगवणं जवळपास बंदच पडलेलं, १८७६ मध्ये योस्ट थोफ्ट नावाच्या माणसाने तो विकत घेऊन ते परत सुरू केलं. इतक्या मुश्किलीने वाचलेली कला, आणि त्याच गावाची वेस, त्याचीच चर्चं स्टिकरवर छापून तिच्याच नावावर खपवायची? त्या बाई दिवसभर मान खाली घालून एक मनोरा काढतात, त्यांनी कुठे जायचं?

सासूबाई म्हणाल्या जाऊ दे गं, छान दिसतेय. दिसतेय छान, खरंय. तरी शनिवारी त्यांना त्या बाईंकडे नेणारे, छोटीशी टाइल मिळाली तरी चालेल, मागे त्यांची सही असते. तुमच्यापैकी कोणी इकडे येणार असाल तर खरेदीआधी मला मेसेज करा, पत्ता देते.